एवढं लांबचं कॉलेज

समोरचा माणूस मनातलं बोलतोय की पाठ केलेलं, हे सुष्माला नुसत्या आवाजावरून कळायचं. यात दैवी असं काही नव्हतं. अकरा वर्षं एकच प्रश्न विचारून विचारून कान तयार झाला होता, इतकंच.

म्हैसूरच्या बाहेर, हुणसूरच्या रस्त्याला, एका खासगी तंत्रज्ञान विद्यापीठात ती नोकरीला होती. प्रवेश विभागात. जुलैत प्रवेश पक्के झाले की नव्या मुलामुलींना फोन करायचे आणि विचारायचं, तुम्ही आमचंच विद्यापीठ का निवडलंत? समोर संगणकावर सात उत्तरं तयार असत. प्लेसमेंट, लॅब, शिक्षक, होस्टेल, घरापासून जवळ, मित्र आले म्हणून, आणि सगळ्यात शेवटी ‘इतर’. जे लागू पडेल त्यावर टिचकी मारायची आणि पुढचा नंबर लावायचा. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, शाळेत इंग्रजी आणि टीव्हीवरून हिंदी, अशा चार भाषा तिच्याकडे होत्या. त्यामुळे महाराष्ट्रातून येणाऱ्या मुलांची यादी आपोआप तिच्या वाट्याला यायची.

मुलं बहुतेक ठरलेलंच बोलत. प्लेसमेंट चांगलं आहे मॅडम, लॅब चांगल्या आहेत मॅडम, फॅकल्टी छान आहे. एका दमात, बाजाराची यादी वाचून दाखवावी तसं. खरं कारण सांगणारा मात्र अडखळतो. मध्येच थांबतो, काहीतरी भलतंच बोलतो, मग परत मूळ गोष्टीकडे येतो. हुणसूरपलीकडच्या बेट्टदपुरच्या एका मुलीनं आधी लॅबचं कौतुक केलं आणि मग हळूच सांगितलं, की संध्याकाळची बस धरली तर आजोबांच्या औषधाच्या वेळेला घरी पोचता येतं, दुसरीकडून नसतं जमलं. साताऱ्याच्या एका मुलाचा मोठा भाऊ याच विद्यापीठातून शिक्षण अर्धवट टाकून परतला होता. ते पुरं करायला हा निघाला होता. एक मुलगी म्हणाली होती, माहितीपत्रकातल्या फोटोत मोठं झाड होतं. सुष्मानं हे सगळं ‘इतर’मध्ये एकेका ओळीत लिहून ठेवलं. ते कुणी वाचत नसे, हे तिला माहीत होतं.

मंडी मोहल्ल्यात वडिलांनी बांधलेल्या घराचा वरचा मजला तिचा. वडील संताजीराव रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. घराणं म्हैसुरात नेमकं कधी आलं, हे आता कुणालाच धड सांगता येत नव्हतं. मराठी मात्र घरात टिकली होती, कन्नडात भिजून का होईना. सुष्माच्या लग्नाचं दोनदा जमत आलं आणि दोनदा राहिलं. मग आईचं आजारपण, मग वडिलांचं. ती दोघं गेली तोवर लग्नाचं विचारणारे लोकही थांबले होते.

धाकटा भाऊ जगन्नाथ बायकोसह मस्कतला असायचा. त्याची मुलगी अन्विता तिथल्या शाळेत रमेना, म्हणून सहा वर्षांची असताना तिला म्हैसूरला आणून ठेवलं. ‘एखाद वर्ष बघू’ असं ठरलं होतं. त्या एका वर्षाची बारा झाली.

या बारा वर्षांत सुष्माचा दिवस अन्विताच्या दिवसाला शिवलेला होता. शाळा सुटायच्या वेळा, शिकवण्या, परीक्षा, डोक्याला लावायचं तेल. सुष्मा पाचच्या बसनं परत यायची आणि शिकवणीहून अन्विता येईपर्यंत सज्ज्यात उभी राहायची. खाली बाजाराची गर्दी असे, हातगाड्या, रिक्षा, एकमेकांवर ओरडणारे दुकानदार. त्या गर्दीत मुलगी कोपऱ्यावर दिसली की आत जाऊन दूध तापत ठेवायचं. मुलगी जिना चढून वर येईतो पेला तयार. दहा मिनिटं उशीर झाला तर एक फोन, वीस मिनिटं झाला तर मैत्रिणींना फोन. ‘सुम्ने विचारलं हं,’ असं ती मैत्रिणींच्या आयांना म्हणायची. सुम्ने म्हणजे उगीच, सहज. पण त्यात सहज काही नव्हतं, हे सगळ्या आयांना कळत होतं.

अन्विता बारावी झाली तेव्हा सुष्मानं कुणाला न सांगता एक काम केलं. विद्यापीठात कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी काही जागा वेगळ्या ठेवलेल्या असत. भाची त्यात बसत नव्हती. सुष्मानं अर्ज केला, दोन वेळा वरच्या साहेबांना भेटली, बारा वर्षांची शाळेची कागदपत्रं जोडली, पालक म्हणून तिची स्वतःची सही असलेली. शेवटी ‘विशेष बाब’ म्हणून मंजुरीचं पत्र मिळालं. ते पत्र आठ दिवस तिच्या पर्समध्ये होतं. अन्विताच्या वाढदिवसाला ते तिच्या हातात ठेवायचं, असं तिनं ठरवलं होतं.

वाढदिवसाच्या चार दिवस आधी अन्विता स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. सुष्मा नारळ खवत होती. अन्वितानं सांगितलं, की तिला आसामातल्या एका तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश मिळतोय आणि तिनं होकार कळवला आहे.

“ब्रँच हवी ती मिळाली, रँकिंग चांगलं आहे, आणि लॅब तर इकडे कुठेच नाहीत अशा आहेत,” ती म्हणाली.

एका दमात. कुठेही न अडखळता.

सुष्माचा हात थांबला नाही. खवलेल्या खोबऱ्याचा ढीग तिनं कडेला सारला आणि ‘आयितु’ एवढंच म्हणाली. झालं तर मग. रात्री जगन्नाथचा फोन आला. त्याला पोरीचा केवढा अभिमान वाटत होता. सुष्मानंही वाटतो म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर तिनं ते पत्र कागद कापायच्या यंत्रात घातलं.

ऑगस्टात अन्विता गेली.

नंतरचं वर्ष कसं गेलं, हे सुष्माला कुणी विचारलं नाही. ती आई असती तर विचारलं असतं. शेजारणी मस्कतच्या वहिनीची चौकशी करायच्या, लेकीशिवाय करमत नसेल ना तिला, म्हणून. सुष्मा म्हणायची, हो ना. पाचच्या बसनं ती आता येत नसे. सहाच्या बसनं यायची, कधी सातच्या. ऑफिसात कामाचं निमित्त शोधणं तेवढं अवघड नव्हतं. सज्ज्याचं दार तिनं लावून घेतलं, डास येतात म्हणून. अन्विता रविवारी फोन करायची. दहा मिनिटांत सगळं बोलून व्हायचं. जेवण ठीक, अभ्यास ठीक, पाऊस फार. उन्हाळ्याच्या सुटीत ती मस्कतला गेली, आईवडिलांकडे. ते योग्यच होतं.

मग पुढचा जुलै आला आणि फोन सुरू झाले. या खेपेला सुष्माचे फोन लांबायला लागले, हे तिच्याही लक्षात आलं नाही. चार मिनिटांचं काम दहा-बारा मिनिटं चालायचं. कारण विचारून झालं की ती घरचं विचारायची. घरी कोण कोण आहे, निघताना आई काय म्हणाली, धाकट्या भावंडांना करमेल का. मुलं बोलायची. काही तर ठेव म्हटलं तरी फोन ठेवत नसत.

परभणीची मृण्मयी देशमुख म्हणून एक मुलगी होती. तिनं प्लेसमेंट, लॅब, फॅकल्टी असं तिन्ही ओळीनं सांगून टाकलं. सुष्मानं टिचकी मारली नाही.

“आणि खरं कारण?” तिनं विचारलं.

मग त्या मुलीनं विचारलं, हे रेकॉर्ड होतं का. सुष्मानं सांगितलं, होतं, पण कुणी ऐकत नाही. तसं ती खरंच समजत होती.

“मला घरापासून लांब जायचं होतं,” मृण्मयी म्हणाली.

सुष्मानं जपून विचारलं, घरी काही त्रास आहे का.

“नाही नाही. त्रास काहीच नाही. आई फार चांगली आहे, मॅडम. म्हणूनच.” ती अडखळली. “म्हणजे ती दिवसभर माझ्यासाठीच जगते. मी हसले की ती हसते. माझा पेपर वाईट गेला की ती जेवत नाही. मला कुठंतरी अशा ठिकाणी जायचंय, जिथं मी जेवले नाही तरी कुणाला कळणार नाही. वाईट आहे ना हे?”

वाईट नाही, असं सुष्मा म्हणाली. पुढे तिनं बरंच काही विचारलं. आई संध्याकाळी काय करते, वाट बघते का, उशीर झाला तर फोन करते का. मुलगी सांगत गेली. सुष्मा इअरफोन घट्ट धरून ऐकत राहिली. परभणीच्या एका घरातल्या बाईविषयी ती मुलगी बोलत होती, आणि सुष्माला ते घर आतून माहीत होतं. फोन ठेवल्यावर तिनं ‘इतर’वर टिचकी मारली, तर ओळ लिहायची रिकामी जागा उघडली. ती तिनं मिटवली आणि ‘लॅब’वर खूण केली.

तीन दिवसांनी विक्रांतनं तिला केबिनमध्ये बोलावलं. विक्रांत विभागाचा प्रमुख होता, पस्तिशीचा, दोन-तीन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला. वागायला मऊ माणूस. ऑफिसात एक तोच तिच्याशी मराठीत बोलायचा आणि तिचं ‘सुम्ने’, पुरे म्हणायला ‘साकु’, असलं कन्नड ऐकून हसायचा, पण ते हसणं टोचणारं नव्हतं. त्यानं तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग म्हणाला, या वेळी वरून काही कॉल ऐकून बघायला सांगितलंय, त्यात तुमचा एक निघाला, सव्वीस मिनिटांचा.

“तुम्ही त्या मुलीला विचारलंय, की ती घरी नसताना आई सज्ज्यात उभी राहील का,” तो टेबलाकडे बघत म्हणाला. “मॅडम, आपल्या फॉर्ममध्ये हे नाही.”

सुष्माला कानशिलं तापल्यासारखी वाटली. आपल्याला कुणी ऐकलं, याची नाही, तर त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, याची तिला लाज वाटली. ती चूक झाली म्हणाली. विक्रांत म्हणाला, चूक अशी नाही, पण मुलांचं खासगी आपण खणू नये. ते त्याचं बरोबर होतं. पुढच्या सोमवारपासून तिला कागदपत्रं तपासायच्या टेबलावर बसवलं. तिथं गुणपत्रिका, दाखले, फोटो बघायचे आणि शिक्का मारायचा. बोलायचं काही नसे. दिवसभरात तिचा स्वतःचा आवाज तिलाच फारसा ऐकू येईनासा झाला.

ऑगस्टात मुलं यायला लागली. एके दिवशी दुपारी टेबलासमोर एक चष्मेवाली मुलगी आणि तिच्यामागे दोन पिशव्या धरलेली, चाळिशी उलटलेली बाई उभी राहिली. सुष्मानं फाईल उघडली आणि नाव वाचलं. मृण्मयी. तिनं मान वर केली नाही. शिक्के मारत राहिली. एका दाखल्याची झेरॉक्स नव्हती. ते सांगताना ती इंग्रजीत बोलली, पण शेवटी तोंडातून मराठी निघून गेली. मुलीनं चमकून तिच्याकडे पाहिलं. आवाज ओळखला होता.

मुलगी झेरॉक्स आणायला गेली. आई टेबलापाशी राहिली. मराठी ऐकून बाईंचा जीव भांड्यात पडला होता. त्यांचं नाव सिंधूताई. दोन दिवसांत कुणाशी धड बोलता आलं नाही, म्हणाल्या. मग पिशव्या खाली ठेवून त्यांनी विचारलं,

“ताई, एक विचारू? एवढं लांबचं कॉलेज हिनं का घेतलं, मला समजत नाही. संभाजीनगरला मिळत होतं, पुण्याला मिळत होतं. म्हणते, इथल्या लॅब चांगल्या आहेत. खरंच चांगल्या आहेत का हो?”

बाईंचा चेहरा अगदी सरळ होता. त्यात संशय नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. सुष्मा त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. हा प्रश्न वर्षभरात आपण एकदाही विचारला नाही, हे तिच्या मनात आलं. अन्वितानं लॅबचं नाव काढलं तेव्हा ती थाप आहे, असं धरून आपण मोकळ्या झालो होतो. असतीलही तिथल्या लॅब चांगल्या.

“चांगल्या आहेत,” ती म्हणाली. “चला, दाखवते.”

टेबल सोडून जायची परवानगी नव्हती. शेजारच्या बाईला पाच मिनिटं बघ म्हणून सांगून ती उठली. मागच्या इमारतीत यंत्रांची मोठी लॅब होती. तिथले सत्यनारायण, जुने जाणते निदेशक, सुष्माला ओळखत होते. त्यांनी दार उघडलं. सिंधूताईंनी चपला बाहेर काढल्या. सत्यनारायण नको नको म्हणाले, तरी काढल्या. मग त्या एकेका यंत्रापुढे उभ्या राहिल्या. हे काय करतं? हे धातू कापतं. हे? हे संगणकावर काढलेल्या चित्रावरून वस्तू घडवतं. सत्यनारायण कन्नडात सांगायचे, सुष्मा मराठीत. प्रत्येक यंत्राचं नाव सिंधूताई दोनदा म्हणून बघत, पाठ करावं तसं. एक यंत्र चालू होतं. त्याची सुई पांढऱ्या सुताचे थर एकावर एक देत कसलंसं छोटं चाक बनवत होती. त्यापुढे त्या बराच वेळ थांबल्या. पाच मिनिटांची पंचवीस झाली.

झेरॉक्स घेऊन मृण्मयी शोधत तिथवर आली आणि दारातच थबकली. आईच्या पाठीकडे बघत उभी राहिली.

“एवढं सगळं आपल्याकडं कुठून मिळणार,” सिंधूताई सुष्माला म्हणाल्या. “बरं झालं दाखवलंत. आता कुणी विचारलं, पोरीला एवढ्या लांब का धाडलं, तर सांगता येईल मला.”

मुलीनं चष्मा काढून ओढणीनं पुसला. टेबलापाशी परतल्यावर सुष्मानं राहिलेला शिक्का मारला आणि फाईल त्यांच्या हातात दिली. दोघी जाताना पिशव्या मुलीनं घेतल्या होत्या.

त्या रविवारी अन्विताचा फोन आला. जेवण ठीक, पाऊस फार, एवढं झाल्यावर सुष्मा म्हणाली, तुझी लॅब दाखव ना मला. अन्विता गोंधळली. आज बंद असते म्हणाली. मग म्हणाली, थांब, किल्ली आमच्या क्लबकडे आहे. थोड्या वेळानं तिनं व्हिडिओ लावला. टेबलावर वायरींचं जंजाळ होतं आणि मधोमध परातीएवढी एक होडी. ही नदीत सोडायची, अन्विता सांगू लागली, ही आपली आपण फिरते आणि पाणी कुठं किती खोल आहे ते मोजते. म्हणजे अजून मोजत नाही नीट. एकदा बुडाली. पूर येतो ना आत्ते, तेव्हा पात्र बदलतं, मग गावातल्या लोकांना... थांब, हे आधी सांगते. ती एकातून दुसऱ्यात जात होती, अडखळत होती, परत मागे येत होती. चाळीस मिनिटं बोलली. सुष्माला निम्म्याहून जास्त कळलं नाही. तिनं फक्त आवाज ऐकला.

डिसेंबरात अन्विता दहा दिवसांसाठी आली. उंच वाटत होती, केस कापले होते. आल्या आल्या तिनं सज्ज्याचं दार उघडलं. वर्षभरात बिजागरी धरली होती, जोर लावावा लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघी तिथं शेंगा सोलत बसल्या होत्या. आधी बरंच इकडचं तिकडचं झालं. मग अन्वितानं विचारलं, तू आता इथं उभी राहत नाहीस का. सुष्मा म्हणाली, कुणासाठी राहू.

अन्विताचे हात थांबले.

“मी तेव्हा लॅबचं म्हटलं होतं,” ती म्हणाली. “ते खरं होतं, आत्ते. पण तेवढंच नव्हतं.”

“ठाऊक आहे मला.”

“काय ठाऊक आहे?”

“मी इथं उभी राहायचे ते. तू सांगितलंस त्याच दिवशी कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तू गेली नसतीस.”

अन्विता रडली. फार नाही. सुष्मानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग हात परत घेतला, शेंगा सोलायला. अन्वितानं डोळे पुसून राहिलेलंही सांगून टाकलं. उन्हाळ्यात ती येणार नव्हती, होडीचं काम होतं. त्याच्या पुढच्या वर्षी बहुधा परदेशात सहा महिने. तिथून पुढचं माहीत नाही. आईबाबांना अजून सांगितलेलं नाही, तुला आधी सांगतेय, म्हणाली. सुष्मानं होडीला नाव दिलंय का विचारलं. नव्हतं दिलेलं.

राहिलेले दिवस बरे गेले. अन्विता बाहेर जायची, उशिरा यायची. सुष्मानं फोन केला नाही. जड गेलं, पण केला नाही. दोघींच्या बोलण्यात आता काही लपवायचं उरलं नव्हतं. त्यामुळे बोलणं थोडं कमी झालं, आणि त्याचं कुणाला ओझं वाटलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी सुष्मा तिला बेंगळुरूच्या बसवर बसवून आली. पुढे कधी येशील, असं तिनं विचारलं नाही. अन्वितानंही आपण होऊन तारीख सांगितली नाही. बस वळणावर गेल्यावर ती थोडा वेळ फलाटावर उभी राहिली. तिथं उभी असलेली बरीच माणसं तशीच उभी होती.

घरी येऊन तिनं सकाळचा भात खाल्ला, ताट धुतलं आणि जरा आडवी झाली. दुपारी झोपायची तिला सवय नव्हती. जाग आली तेव्हा खोलीत अंधुक होतं. सकाळ आहे की संध्याकाळ, ते काही क्षण तिला उमगेना. अंगावर पांघरूण नव्हतं, उशाशी घड्याळ नव्हतं. ती तशीच पडून ऐकत राहिली. खाली बाजारात कुणीतरी उरलेली केळी स्वस्तात काढत होतं, दुकानाचं एक शटर घसरत खाली आलं. म्हणजे संध्याकाळ होती. ती उठली, केस बांधले आणि दिवा लावला.